दोन खाचांचा कॉर्कस्क्रू, आठ महिन्यांनंतर

आदोळी म्हणजे विळी, खिळे, पितळी समई, स्टोव्हच्या वाती, मच्छरदाणीची दोरी, उंदराचा सापळा. म्हापशाच्या बाजारातल्या आमच्या दुकानात हे सगळं मिळतं आणि गेली अकरा वर्षं मी ते विकते आहे. दुकान माझं नव्हे, काकांचं. सख्खे काका नव्हेत, पण इतक्या वर्षांत ते आम्हा दोघांच्याही लक्षात राहिलेलं नाही. या अकरा वर्षांत कॉर्कस्क्रू नावाची, वाइनच्या बाटलीचं बूच काढायची वस्तू मी सहा-सात वेळा विकली असेन. मग यंदाच्या फेब्रुवारीत तीन दिवसांत बेचाळीस विकले आणि त्यातले नऊ परत आले. हे लिहायला बसले ती त्या नऊंमुळे.

झालं असं की दुकानापासून पाच मिनिटांवरच्या मैदानात वाइन आणि चित्रांचा मेळा भरला. शुक्रवार, शनिवार, रविवार. ज्यानं तारीख ठरवली त्यानं म्हापशाचा शुक्रवार कधी पाहिलेला नसणार. शुक्रवारी अख्खा बार्देस तालुका आमच्या बाजारात उतरतो. चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या माळा, मयड्याची लांब केळी, मिरच्यांचे ढीग, मातीची बुडकुली, आणि या सगळ्यातून वाट काढणाऱ्या स्कूटर. त्यात त्या दिवशी तागाच्या सदऱ्यांतले पर्यटक आणि चित्रं डोक्यावर घेऊन चाललेले हमाल. एका बाईनं केळीवालीला विचारलं, ‘हे इन्स्टॉलेशन आहे का?’ केळीवालीनं डझनाचा भाव सांगितला.

पहिले गिऱ्हाईक चित्रवाले. सकाळी नऊपासून. तार, आकडे, सुतळी, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, परत तार. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त एकालाही आपल्या फ्रेमचं वजन माहीत नव्हतं. ‘साधारण इतकं,’ असं म्हणून हात पसरायचे. हातानं लांबी कळते, वजन कसं कळेल? शेवटी काकांनी बटाट्यांचा जुना तराजू बाहेर काढला. ज्यांना मैदानाशेजारच्या जुन्या घराच्या भिंती मिळाल्या होत्या त्यांची पंचाईत वेगळी. भिंत चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिऱ्यात नुसता खिळा ठोकला तर भुगा पडतो आणि खिळा तासाभरात मान टाकतो. तिथं ड्रिल मारून प्लगच बसवावा लागतो. हे मी प्रत्येकाला सांगितलं. निम्म्यांनी ऐकलं, बाकीचे दुपारी परत आले. एका तरुण चित्रकारानं मला गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की चित्रकार सुझा शेजारच्या साळगावात जन्मले, 1924 साली. म्हटलं, बाबा, खरं आहे, पण तुला आठ नंबरचा प्लग लागेल, सहाचा नव्हे.

आता मूळ विषय. संध्याकाळी साडेसहाला, बाजार आवरत आलेला, मी केर काढत होते. गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक मुलगा धावत आला. ‘दीदी, बोतल खोलने का कुछ है?’ मी सोडा-बियरची चावी पुढं केली. त्यानं मान हलवली आणि हवेत बोट गोल गोल फिरवलं. तेव्हा कळलं.

स्टॉलवाल्यांचा हिशेब असा होता की आपल्याकडच्या बऱ्याच वाइनना हल्ली फिरकीचं धातूचं झाकण असतं, बूच नसतंच. गोव्याच्या गोड पोर्ट वाइनलाही तेच. चार-पाच ओपनर पुरतील. पण महागड्या लाल वाइन आणि बाहेरच्या बाटल्या बुचाच्याच निघाल्या आणि लोकांनी नेमक्या त्या घेतल्या. शिवाय सीलबंद बाटली विकत घेऊन बाहेर गाडीजवळ उभं राहून ‘आता उघडायची कशानं?’ म्हणणारेही होतेच. जवळपास उघडं हार्डवेअरचं दुकान एकच. आमचं.

काकांनी माळ्यावरून खोका उतरवला. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्यानं दुसऱ्या मालाबरोबर गळ्यात मारलेला. त्यात तीन प्रकार निघाले. लाकडी आडव्या मुठीचा साधा, नव्वद रुपये. दोन पंखांचा, स्क्रू आत गेला की हात वर करणारा, एकशे ऐंशी. आणि घडीचा, चाकूसारखा मिटणारा, ज्याच्या बाटलीच्या काठावर टेकणाऱ्या टेकूला दोन खाचा असतात, तो तीनशे वीस. तीन दिवसांत पंखवाले अठरा गेले, लाकडी सात आणि घडीचे सतरा. परत आलेल्या नऊंपैकी आठ पंखवाले.

गंमत ही की पंखवाला दिसायला सगळ्यांत भरवशाचा. जाड, चकचकीत, हातात घेतला की वजन लागतं. गिऱ्हाईक पहिला तोच उचलतं. मीही पहिल्या संध्याकाळी तोच खपवत होते, हे कबूल करते. तो कुठं मार खातो ते शनिवारी सकाळी मोडलेले तीन काउंटरवर मांडले तेव्हा दिसलं. त्याचं मळसूत्र म्हणजे पोकळ वेटोळं नव्हे, मधोमध जाड दांडा आणि त्याच्याभोवती धार, लाकडाच्या स्क्रूसारखं. बूच हे लाकूड नव्हे, झाडाची साल आहे, दाबली की दबणारी. असलं जाड मळसूत्र बुचाला धरत नाही, त्यात भोक पाडतं. ओढलं की मधला भुगा हातात येतो आणि बूच बाटलीत जिथल्या तिथं. एकाचे तर पंखांजवळचे दातेच घासून सपाट झाले होते. एका दिवसात! पंख वर-खाली होतात, पण वर काहीच येत नाही.

म्हणून कुठल्याही दुकानात कॉर्कस्क्रू घेताना हे एक बघा: वेटोळ्याच्या मधून काडेपेटीची काडी आरपार जायला हवी. जात असेल तर घ्या. जात नसेल तर त्याचा उपयोग कुंडीतली माती उकरायला होईल. ही युक्ती माझी नव्हे, एका स्टॉलवरच्या वयस्कर गृहस्थांनी सांगितली. नाशिककडचे, त्यामुळे मराठीत बोलायला कुणी तरी मिळालं म्हणून खूश होते. त्यांनीच सांगितलं की बूच बाटलीत जाण्याआधी साधारण 24 मिलिमीटर जाड असतं आणि बाटलीचं तोंड आतून अठरा-साडेअठराच. इतकं दाबून बसवलेलं असतं ते. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं आणि झाडाची साल एकदा काढली की पुढची नऊ वर्षं त्याला हात लावत नाहीत. मला ते फार आवडलं. आमच्या काकांना नाही. ते म्हणाले, नऊ वर्षं थांबायचं आणि आपण एका मिनिटात भुगा करायचा.

लाकडी मुठीच्या साध्याबद्दल दोनच वाक्यं. मळसूत्र चांगलं आहे, काडी जाते. पण सगळी ताकद तुमच्या दंडाची, आणि मी स्वतः एका धडधाकट माणसाला आमच्या पायरीवर बसून, बाटली गुडघ्यांत धरून, चेहरा लाल होईतो ओढताना पाहिलं आहे. बूच निघालं तेव्हा निम्मी वाइन पँटवर.

आता तीनशे वीसवाला. याला वेटरचा म्हणतात. नंतर मोबाईलवर वाचलं की ही घडीची कल्पना कार्ल विंके नावाच्या जर्मन माणसाची, पेटंट 1882 सालचं. त्याच्या मूळ वस्तूला टेकू एकच होता. दोन खाचांची सुधारणा बरीच नंतरची, आणि सगळी जादू तिच्यातच आहे. एकाच टेकूनं ओढलं की तरफ बुचाला वर नेता नेता एका बाजूला वाकवते, आणि लांब बूच मधेच मोडतं. दोन खाचा असल्या की आधी वरच्या खाचेनं अर्धं बूच सरळ वर काढायचं, मग खालची खाच काठावर टेकवून उरलेलं.

रीत नीट सांगते, कारण खोक्यात कागद नव्हता आणि सतराही गिऱ्हाइकांना मला ती दाखवून द्यावी लागली. प्रत्येकी दोन मिनिटं. रांग लागली की काका घसा खाकरायचे. आधी लहान पात्यानं बाटलीच्या ओठाखाली, फुगीर कड्याच्या खालच्या बाजूनं, वेष्टण गोल कापा. कड्याच्या वर कापलं तर ओतताना वाइन वेष्टणाच्या कडेला लागते. मळसूत्राचं टोक मधोमध टेकवू नका, केसभर बाजूला टेकवा, म्हणजे वेटोळं मधे येतं. हे ऐकलं की लोक माझ्याकडं संशयानं बघतात. बाटली फिरवू नका, हात फिरवा. पाच वेढ्यांपैकी एक वेढा बाहेर दिसत राहू द्या, पार आत घातलं तर बूच खालून फुटतं आणि तुकडे वाइनमध्ये तरंगतात. मग पहिली खाच काठावर, डाव्या हातानं टेकू आणि बाटलीचा गळा एकत्र धरा, उजव्यानं दांडा वर. बूच अर्धं आलं की दुसरी खाच. शेवटचा अर्धा सेंटिमीटर हातानं, हळू. ‘टप्’ असा आवाज आला तर घाई केलीत. नीट काढलं तर नुसता उसासा येतो.

शनिवारी संध्याकाळपर्यंत मला याचा इतका सराव झाला की लोक बाटलीच घेऊन यायचे. ‘बाय, मात्शें उगडून दी गो.’ उघडायचे पैसे घ्यावेत का, यावर काका आणि मी दहा मिनिटं वाद घातला. घेतले नाहीत. पण बघायला थांबलेल्यांनी पाच घडीचे विकत घेतले, हे काकांना नंतर पटलं.

परत आलेला नववा हाच, घडीचा. आणणारा पुण्याचा तरुण, आवाज चढवून. ‘तुमचा स्क्रू आतच जात नाही.’ बाटली बघितली. फिरकीचं झाकण! त्याच्यावरच्या रंगीत वेष्टणामुळं त्याला कळलं नव्हतं आणि तो धातूत मळसूत्र घुसवत होता. मी झाकण हातानं फिरवून उघडलं. त्यानं पैसे परत मागितले नाहीत, पण कॉर्कस्क्रू काउंटरवर ठेवून निघून गेला. तोच आता दोरीला बांधून गल्ल्याजवळ टांगला आहे आणि आठ महिन्यांचा माझा अनुभव त्याचाच.

एक धोक्याचं. फेसाळणाऱ्या वाइनला कॉर्कस्क्रू लावायचा नसतो. कुठलाच नाही. रविवारी एक बाई तसली बाटली घेऊन आल्या, त्यांच्या नवऱ्यानं गाडीत पंखवाला तिच्यावर चालवून पाहिला होता, बुचाला खड्डा पडलेला. आत गाडीच्या टायरपेक्षा दुपटीहून जास्त दाब असतो. ती तारेची जाळी सहा अर्ध्या फेऱ्यांत सुटते, मग बूच धरून ठेवून बाटली फिरवायची, तोंड माणसांकडं न करता. मी ती उघडली नाही. नाशिकच्या त्या गृहस्थांकडं पाठवली. त्यांनी फडकं टाकून, माझ्या आईनं कुकरची शिट्टी काढावी तशी ती उघडली म्हणे.

आणि रविवारीच, दुपारी सामसूम असताना, हळदोण्याच्या एक म्हाताऱ्या मावशी आल्या. मेळ्याशी त्यांचा संबंध नव्हता. गर्दी आहे, कुणाला तरी उघडता येत असेल, असं ऐकून रिक्षानं आल्या. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी पोर्ट वाइन, पोर्तुगालहून आलेली, लेबल वाळवीनं खाल्लेलं. घरच्यांनी जपून ठेवलेली, नातवाच्या साखरपुड्याला उघडायची होती. मी कॉर्कस्क्रू पुढं केला तर म्हणाल्या, ‘हें साका-रोल्याश.’ कॉर्कस्क्रूसाठीचा पोर्तुगीज शब्द, लहानपणी शाळेत शिकलेला. मलाही दोनदा म्हणायला लावला.

आता या वस्तूची खरी परीक्षा. पहिल्या वेढ्यालाच जाणवलं की बूच आत सुकून भुसभुशीत झालंय, मळसूत्र लोण्यात गेल्यासारखं गेलं. पहिली खाच लावली, दांडा उचलला, बूच हललं, आणि कडेनं बारीक तुकडे पडले. दुसरी खाच लावली आणि ते मधोमध तुटलं. अर्धं माझ्या हातात, अर्धं गळ्यात. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवीचा पट्टा घट्ट धरला. मी मळसूत्र परत, या वेळी तिरकं, गळ्याच्या काचेला टेकवून घातलं, तीन वेढे, आणि एकेक केस वर घेतलं. आलं. भुगा मात्र आत पडला. चहाची नवी गाळणी शेल्फवरून काढली, तिच्यावर धुतलेलं मलमल, आणि स्वच्छ बाटलीत ओतून दिली. दुकानभर मनुका आणि जुन्या कपाटाचा वास. नाशिककरांना नंतर विचारलं तर ते म्हणाले, असल्या जुन्या बुचाला दोन पातळ पात्यांचा वेगळा चिमटा मिळतो, तो बुचाच्या कडेनं आत सरकवायचा. आमच्याकडं तो नाही. म्हणजे दोन खाचांचा सगळ्यावर चालतो असं नव्हे. पण त्या दिवशी पंखवाला असता तर मावशींची वाइन आणि माझं तोंड, दोन्ही काळं झालं असतं. जाताना म्हणाल्या, ‘देव बरें करूं, बाय.’ गाळणीचे पैसे त्यांनी बळंच दिले.

याच्या उणिवा आहेत. लहान पातं बोथट, आठव्या-नवव्या बाटलीनंतर वेष्टण कापत नाही, फाडतं. शिवाय ते पातं आहे म्हणून मैदानाच्या फाटकावरच्या रखवालदारानं दोघांचे काढून घेतले आणि दोघंही रसीद घेऊन माझ्याशी भांडायला आले. डावखुऱ्यांना हा उलटाच पडतो. माझी भाची डावरी आहे, तिला पातं स्वतःकडं ओढून कापावं लागतं. जाड ओठाच्या काही बाटल्यांवर पहिली खाच निसटते, ती अंगठ्यानं दाबून धरावी लागते.

आणि पाऊस. जुलैत आमच्याकडं मीठसुद्धा भांड्यात घट्ट होतं, तिथं सव्वातीनशेच्या लोखंडाचं काय? गल्ल्याजवळच्या कॉर्कस्क्रूच्या बिजागरीला तांबूस डाग पडले आणि दुसरी खाच अडकू लागली. खोबरेल तेलाचा थेंब टाकून चार वेळा उघडमीट केली, सुटली. तेव्हापासून महिन्यातून एकदा तेल. मळसूत्राला काळा गुळगुळीत लेप आहे, त्याला गंज नाही, आणि तो अजून टिकून आहे. आठ महिन्यांत याच्यावर पन्नासेक बाटल्या उघडल्या असतील. त्यातल्या बावीस मे महिन्यात शेजारच्या घरच्या लग्नात, एका संध्याकाळी, एकट्या मीच. त्या संध्याकाळी एकही बूच मोडलं नाही.

माझ्या स्वतःच्या घरी याचं काही काम नाही, हेही सांगून टाकते. काजूच्या दिवसांत भावाकडून हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, येतो तो पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत. मेळ्यात फेणीचा एकही स्टॉल नव्हता, यावर काका अजून बोलतात. काजूफेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत होते, फ्रेमचे आकडे घ्यायला आलेल्यांनाही.

परत आलेल्या आठही पंखवाल्यांचे पैसे आम्ही दिले. व्यापाऱ्याला फोन केला, तर ‘विकलेला माल’ एवढं बोलून त्यानं ठेवून दिला. उरलेले पंखवाले आता विक्रीला नाहीत. कुणी मागितलाच तर मी आधी काडेपेटी काढते. घडीचे नवे दोन डझन दुसरीकडून मागवले, काडी घालून एकेक तपासूनच घेतले. भाव वाढलाय, आता तीनशे साठ. काळे आणि लाल, दोन रंगांत आहेत. लाल घेऊ नका, तेल लागलं की त्याचा रंग हाताला येतो.